नव्याण्णव टक्के

प्रणिता सकाळी आठला येते.
अंगाला अजून अतिदक्षता विभागाचा वास.
पोहे निम्मे खाते, पडदा ओढते आणि झोपते
धायरीतल्या आमच्या दीड खोलीतल्या
त्या अर्ध्या खोलीत.

उरलेल्या एका खोलीत मी लोकांची लग्नं लावतो.
म्हणजे तुकडे जोडतो: सीमांतपूजन, हळद,
चपला शोधत फिरणारा नवरदेवाचा भाऊ,
पंगतीत जिलबी नको म्हणणारा हात.
सनई हेडफोनमध्ये. बाहेर फक्त पंखा,
अकरा वर्षांच्या लॅपटॉपचा,
रेंडर लावलं की जो
शेंगदाण्याचं कूट करायला घेतो.

'आवाजाचं काही नाही रे,' ती म्हणाली,
'रात्रभर मशीनच ऐकते. पण आवाज बदलला की जाग येते.
वाटतं, सात नंबरच्या बेडला काहीतरी झालं.'

म्हणून,
आणि रूपवते फोटोवाल्यांना शनिवारी दोन लग्नं द्यायची होती
म्हणूनही,
तापकीर गल्लीत गेलो.
इलियास बागवानने बशीतला चहा संपवला,
मग डबीतून काढून चिमटीत धरून दाखवला
चार कोअरचा चौकोन,
कुणाच्या तरी मेलेल्या मशीनमधला.
'बसेल. सॉकेट तेच. पण भाऊ,
पस्तीस वॅटच्या घरात हा पंचेचाळीसचा पाहुणा.
तुमच्याकडे तांब्याची नळी एक. दोन नळ्यांचा सेट घेऊन जा,
साडेचारशे.'
बघू म्हटलं.
बघू म्हणजे नाही, हे इलियासला माहीत आहे,
तो चौतीस वर्षं पुण्यात आहे.

रात्री ती ड्यूटीवर गेल्यावर इडलीपात्र काढलं.
एकेका खळग्यात एकेका जागेचे स्क्रू.
जुनी पेस्ट विड्यावरच्या वाळल्या चुन्यासारखी,
नखाने निघाली.
पंख्याच्या जाळीशी अकरा वर्षांची धूळ, घोंगडीसारखी,
आणि तिच्यात अडकलेला
अक्षतेचा एक लाल दाणा.
कुठल्या लग्नातला, देव जाणे.
ते जोडपं सुखात असो.

नवी पेस्ट मसुराएवढी. झाकण. अर्धा फेरा स्क्रूला.
बटण दाबलं, चार सेकंद काळोख,
त्या चार सेकंदांत साडेचारशे रुपये मला दोनदा आठवले.
मग उजाडलं.

वेग असा, की वरात मंडपात शिरायच्या आत
मंगलाष्टकं संपली.
पण शहाण्णव अंश.
पंखा चढायचा, दमायचा, पुन्हा चढायचा.
खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, बाटलीची चार बुचं.
एप्रिल महिना, फरशीच तापलेली.

पहाटे सेटिंगच्या पोटात एक रकाना सापडला:
प्रोसेसरची कमाल मर्यादा, शंभर.
तिथे नव्याण्णव लिहिलं.

शाळेत असा एक टक्का गेला
की आमचे दादा दोन दिवस बोलत नसत.
इथे त्या एका टक्क्यात त्याचं उसळणंच थांबलं.
शहाण्णवचे अठ्ठ्याहत्तर.
पंखा एका सुरात. तंबोरा वगैरे नाही,
तेवढं कौतुक नको,
चार घरं पलीकडच्या पिठाच्या गिरणीसारखा.

हिशेब असा: आधी एका लग्नाला तीन तास,
आता ऐंशी मिनिटं. शंभरवर सत्तरच लागली असती.
मधली दहा कुठे गेली ते मी बोललो नाही.

ती चार वाजता उठली. आठ ते चार, सलग.
केस बांधत आली, आणि सवयीने
तळहात उलटा करून ठेवला कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर.
'ताप आहे,' म्हणाली. 'धाप नाही.'

मग इडलीला पात्र घेतलं,
तिसऱ्या खळग्याशी थांबली.
'आणि हा स्क्रू कुठला?'

मी हेडफोन चढवले.
पडद्यावर कुणीतरी कुणाला घास भरवत होतं.